आठ वर्षांची वॉरंटी आहे, पण कशाची?

प्रश्न: नमस्कार. आम्ही जळगावला राहतो. मार्च २०२१ मध्ये पंधरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली, ३० युनिटांची बॅटरी असलेली. ह्यांची नोकरी भुसावळला, त्यामुळे रोजचं जाणं-येणं गाडीनंच. आतापर्यंत ९२,००० किलोमीटर झाले आहेत. नवी होती तेव्हा फुल चार्जवर २२० किलोमीटर आरामात जायची. माहेरी, छत्रपती संभाजीनगरला, एका चार्जमध्ये पोचून वर चार्ज उरायचा. आता १६५-१७० मध्ये संपते, त्यामुळे सिल्लोडला थांबून चार्ज करावं लागतं. रस्ता तर आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला झालाय, टायरही गेल्या वर्षी नवे घातले, तरी हे असं. आणखी एक म्हणजे, गेल्या दिवाळीपासून चार्ज २० टक्क्यांवर आला की एकदम ८ वर पडतो. सर्व्हिस सेंटरला बरेचदा सांगितलं. ते गाडीला लॅपटॉप लावतात आणि "बॅटरी ओके आहे, एवढं कमी होणारच" म्हणतात. कागद काही देत नाहीत. घेताना तर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी सांगितली होती. मुलगा म्हणतो नवी बॅटरी मागा. हे म्हणतात, आत्ताच विकून टाकू. आम्ही रोज रात्री १०० टक्के चार्ज करतो आणि भुसावळला गाडी दिवसभर उन्हात उभी असते. आमच्याच चुकीनं बॅटरी खराब झाली का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: नमस्कार ताई. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या एकच समजून लिहिल्या आहेत. सर्व्हिस सेंटरनंही तेच केलं. एक तक्रार अशी की गाडी पूर्वीपेक्षा कमी चालते. दुसरी अशी की चार्ज २० वरून एकदम ८ वर पडतो. पहिली झीज आहे, दुसरी बिघाडाची खूण असू शकते. वॉरंटीच्या कागदात झीज आणि बिघाड यांना वेगवेगळी वागणूक असते. म्हणून आधी या दोन्ही तक्रारी वेगळ्या करू. माझ्या मते तुमच्या हातात खरा जोर दुसऱ्या तक्रारीचा आहे, आणि ती तुम्ही पत्रात "आणखी एक म्हणजे" म्हणून मागे टाकली आहे.

तरी सुरुवात पहिलीपासून करते. २२० वरून १६७ म्हणजे साधारण २४ टक्के घट. पण ही घट एका चार्जवर गाडी किती चालते यातली, म्हणजे रेंजमधली, आहे. बॅटरीत वीज किती मावते हा वेगळा आकडा आहे. रस्ता चांगला झाला तरी रेंज कमी, याचं तुम्हाला नवल वाटलं, पण चांगला रस्ता हेच त्यातलं एक कारण आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर तुम्ही ताशी ५० नं जात असाल, आता ८५ नं जात असाल. वेग ५० वरून ८५ झाला की किलोमीटरमागे हवेचा विरोध जवळजवळ तिप्पट होतो. पेट्रोलच्या गाडीत हे तितकंसं जाणवत नाही, कारण तिथं निम्म्याहून जास्त इंधन उष्णतेतच वाया जात असतं. इलेक्ट्रिक गाडीत वाया जाणारा भाग लहान, म्हणून वेगाचा हिशेब लगेच रेंजमध्ये दिसतो. टायरचंही तसंच. इलेक्ट्रिक गाडीला कारखान्यातून बहुधा कमी घर्षणाचे टायर लावून येतात. ते झिजल्यावर दुकानदार मापाचे, पण साधे टायर घालून देतो, आणि तेवढ्यानंही रेंजचे काही टक्के जातात. म्हणजे तुमच्या २४ टक्क्यांतला काही भाग बॅटरीचा नाही. किती नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजलेला आकडा हातात असल्याशिवाय वॉरंटीवर बोलण्यात अर्थ नाही.

मोजायचं कसं, ते सांगते. यासाठी संभाजीनगरचा रस्ता नको. जळगावपेक्षा संभाजीनगर साडेतीनशे मीटरहून उंच आहे. अजिंठ्याचा घाट चढून पठारावर जायला दीड टनाच्या गाडीला निव्वळ चढण्यापायीच सुमारे दीड युनिट लागतं, म्हणजे दहाएक किलोमीटरची रेंज. तुमचा रोजचा सपाट भुसावळचा रस्ता उत्तम. रात्री घरच्या स्लो चार्जरवर १०० टक्के करा आणि १०० दिसल्यावरही तासदोन तास वायर काढू नका, त्या वेळात बॅटरी आतल्या सेलची, म्हणजे तिच्यातल्या छोट्या छोट्या बॅटऱ्यांची, पातळी सारखी करून घेते. सकाळी ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा, दोन-तीन दिवस लागले तरी मध्ये चार्ज करू नका आणि २५ टक्क्यांवर थांबा. त्याखाली जाऊ नका, कारण तिथून खाली तुमचा आकडा भरवशाचा नाही. आता दोन गोष्टी टिपा: किती किलोमीटर झाले आणि गाडीनं किलोमीटरमागे सरासरी किती वीज खाल्ली. गाडीच्या पडद्यावर हा दुसरा आकडा वॉट-तासात असतो. हजार वॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट.

समजा, १४० किलोमीटर झाले आणि सरासरी १२० वॉट-तास आली. म्हणजे १६.८ युनिटं खर्च झाली, आणि ती ७५ टक्के चार्जमध्ये. पूर्ण १०० टक्क्यांना २२.४ युनिटं. बॅटरी ३० ची, म्हणून ७५ टक्के उरली असं म्हणावं का? थांबा. कंपन्या नव्या बॅटरीतलाही थोडा भाग राखून ठेवतात, तो चालवणाऱ्याला कधीच मिळत नाही. नवी असताना वापरायला समजा २८ मिळत होती, तर २२.४ म्हणजे ८० टक्के. छेदस्थानी कुठला आकडा घेतला यावर पाच टक्के इकडचे तिकडे होतात. आणि तुमची ती उडी यात अजून धरलेलीच नाही! २० वरून ८ वर पडणं म्हणजे मधले १२ टक्के पडद्यावर होते, पण बॅटरीत नव्हतेच. ते वजा केले तर २२.४ ची १९.७ होतात. २८ च्या हिशेबानं ७० टक्के, ३० च्या हिशेबानं ६६. एकच गाडी, एकच मोजणी, आणि चार आकडे: ८०, ७५, ७०, ६६. सर्व्हिस सेंटरचा लॅपटॉप यातला कुठला दाखवतो आणि वॉरंटीच्या कागदात कुठला अभिप्रेत आहे, हे विचारल्याशिवाय "ओके" या उत्तरावर गाडी घेऊन घरी यायचं नाही.

महावितरणचं वेगळं मीटर किंवा सबमीटर चार्जिंगला लावलं असेल तर त्यावरूनही पडताळा घेता येतो. फक्त भिंतीतून घेतलेल्या विजेतला दहा-पंधरा टक्के भाग चार्जर आणि वायरिंगमध्ये उष्णता होऊन जातो, तो वजा करायचा. अशी मोजणी महिन्याभरात दोन-तीनदा करा. प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढा. एका मोजणीच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नये.

आता आठ वर्षांच्या वॉरंटीकडे येऊ. गाडी घेताना शोरूममध्ये दोनच आकडे कानावर पडतात, आठ वर्षं आणि एक लाख साठ हजार किलोमीटर. तिसरा आकडा पुस्तिकेत असतो किंवा नसतो, आणि सगळं त्यावर अवलंबून असतं. तो म्हणजे किती टक्क्यांखाली बॅटरी गेली तर कंपनी ती झीज वॉरंटीत धरेल. पुस्तिका इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. बॅटरीचं पान काढा आणि मुलाला त्यातली दोन वाक्यं शोधायला सांगा. एक, क्षमता अमुक टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती वा बदल करू. दुसरं, नेहमीच्या वापरातून हळूहळू कमी होणारी क्षमता वॉरंटीत येत नाही. पहिलं वाक्य असेल तर तुमच्याकडे झिजेचीही वॉरंटी आहे, आणि टक्का बहुधा ७० असतो. फक्त दुसरंच असेल, तर तुमची आठ वर्षं बिघाडापुरती आहेत, झिजेसाठी नाहीत. कुठला टक्का लिहिलेलाच नसेल, तर कंपनीला ईमेल करून विचारा. उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्या कामाचं आहे.

असं पूर्वी घडलंय, आणि तो सगळा प्रकार आपल्या खानदेशातल्या माणसानं जाणून घ्यावा असा आहे. निसान लीफ ही गाडी अमेरिकेत २०१० च्या अखेरीस आली. बॅटरीवर वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल, पण बिघाडाची. क्षमता हळूहळू कमी होणं त्यातून वगळलेलं होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात अॅरिझोनातल्या फीनिक्सच्या मालकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी विझत चालली आहे, तीही गाडीला दोन वर्षं व्हायच्या आत. फीनिक्सचा उन्हाळा आपल्या जळगाव-भुसावळसारखा, पारा ४५ च्या आसपास, आणि लीफच्या बॅटरीला थंड करणारी द्रवाची व्यवस्था नव्हती. हे नैसर्गिक आहे, असंच कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं होतं. सप्टेंबरमध्ये मालकांनी एकत्र येऊन डझनभर गाड्या एकाच रात्री चालवल्या आणि आकडे लिहून काढले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात सामूहिक दावाही दाखल झाला. डिसेंबर २०१२ मध्ये निसाननं जाहीर केलं की पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांच्या आत पट्ट्या नवाखाली गेल्या तर आम्ही बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलू, आणि हे आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू राहील. क्षमतेची वॉरंटी हा प्रकार तिथून रूढ होत गेला.

त्यातही एक बारकावा होता. बारा पट्ट्या सारख्या नव्हत्या. पहिली पट्टी विझायला सुमारे १५ टक्के क्षमता जावी लागे, पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांची. म्हणजे वरवर पाहता बारातल्या चार गेल्या की एक तृतीयांश, आणि प्रत्यक्षातही तेवढीच, पण पहिली पट्टी इतका वेळ तग धरायची की मालकाला सुरुवातीची घट दिसायचीच नाही. मोजपट्टी कंपनीची असते. पुढे २०१८ मध्ये याच गाडीच्या ३० युनिटांच्या मॉडेलबाबत उलटा प्रकार झाला. न्यूझीलंडमधल्या मालकांनी आपापले आकडे गोळा केले तेव्हा बॅटऱ्या फारच लवकर उतरताना दिसल्या. तपासाअंती निसाननं सांगितलं की गाडीतलं सॉफ्टवेअरच क्षमता कमी दाखवतं आहे, आणि त्यासाठी अपडेट दिला. म्हणून मी तुम्हाला दोन्ही सांगते. गाडीचा आकडा खरा मानून निश्चिंत राहू नका, आणि खरा मानून घाबरूही नका. स्वतः मोजलेला आकडा शेजारी हवाच.

नंतर हा प्रश्न कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नये असं सरकारांना वाटू लागलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचानं बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक तांत्रिक नियम मंजूर केला: पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरला किमान ८० टक्के, आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरला किमान ७० टक्के. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी २०२६ च्या मॉडेलपासून आठ वर्षं किंवा एक लाख मैल, ७० टक्के अशी वॉरंटीच सक्तीची करणारा नियम मंजूर केला. तुमच्या हातात मात्र कंपनीची पुस्तिका आणि ग्राहक संरक्षण कायदा ही दोन साधनं आहेत. जागतिक नियमातला पाच वर्षांना ८० हा आकडा तुमच्या कंपनीला बंधनकारक नाही, पण तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करा. "एवढं कमी होणारच" याला तो एक मापाचा प्रश्न विचारतो: एवढं म्हणजे किती?

मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते. जिओटॅब या कंपनीनं हजारो इलेक्ट्रिक गाड्यांच्या माहितीवरून २०२४ मध्ये वर्षाला सरासरी १.८ टक्के घट काढली होती. त्या हिशेबानं पाच वर्षांत नऊ-दहा टक्के. पण ती सरासरी आहे, आणि भुसावळच्या उघड्या मैदानातला मे महिना सरासरीत बसत नाही. तुमच्या बॅटरीची खरी क्षमता ८० च्या आसपास निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि मग अडचण अशी की घट सुरुवातीला भराभर होते, नंतर तिचा वेग सहसा मंदावतो. मार्च २०२९ पर्यंत ती ७२-७३ वर येऊन थांबली, तर ७० च्या अटीखाली तुम्हाला काहीच मिळणार नाही. नुसत्या झिजेच्या भरवशावर मुलाला नव्या बॅटरीची आशा दाखवू नका.

आता ती २० वरून ८ ची उडी. बॅटरी म्हणजे शंभरेक सेलची रांग, एकामागे एक जोडलेले. सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो, त्यामुळे एक सेल लवकर रिकामा झाला की सगळ्यांना थांबावं लागतं, बाकीच्यांत चार्ज असला तरी. दिंडी सर्वांत सावकाश चालणाऱ्या वारकऱ्याच्या पावलानं चालते, तसं. गाडीचा मेंदू, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, बहुतेक वेळ अंदाजानं टक्के दाखवत असते. कमी चार्जवर त्या अशक्त सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) एकदम कोसळतो, मेंदूला आपला अंदाज चुकल्याचं कळतं आणि आकडा धाडकन खाली येतो. दुसरी शक्यता अशी की सेल ठीक आहेत, फक्त अंदाज भरकटलाय. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत असं होतं, कारण तिचा दाब मधल्या पूर्ण टप्प्यात जवळजवळ सपाट असतो आणि मेंदूला टक्के ओळखणं जड जातं. पण त्यावरचा उपायच १०० टक्के स्लो चार्ज हा आहे, आणि तुम्ही तो रोज करताय. तरी दिवाळीपासून तीच उडी, तीही त्याच जागी. त्यामुळे माझा संशय सेलवर जास्त आहे.

असं असेल तर हा बिघाड आहे. त्याला ७० टक्क्यांची अट लागत नाही, आणि क्षमतेची झीज वगळणारं वाक्यही लागत नाही. आठ वर्षांची वॉरंटी याच गोष्टीसाठी दिलेली असते. हे शोधणं सर्व्हिस सेंटरला अवघडही नाही. गाडी २० टक्क्यांच्या खाली असताना लॅपटॉप लावायचा आणि प्रत्येक सेलचा दाब पाहायचा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी दाबातला फरक त्या क्षणी कळतो. आत्तापर्यंत तुम्ही बहुतेक ८०-९० टक्के चार्ज घेऊन गेला असाल, आणि तिथं सगळे सेल गुणी दिसतात. यापुढे गाडी २०-२२ टक्क्यांवर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर उडी दाखवा. शक्य असेल तर तुमच्या ह्यांना गाडी चालवू द्या आणि मुलाला शेजारी बसून पडद्याचा व्हिडिओ काढू द्या, तारीख, किलोमीटर आणि टक्के दिसतील असा.

सेंटरवर गेल्यावर तोंडी काही नको. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली गेली पाहिजे. "कस्टमर कंप्लेंट: रेंज कमी" एवढंच लिहिलेलं कार्ड सही न करता परत द्या आणि असं लिहायला सांगा: "चार्ज २० टक्क्यांवरून थेट ८ टक्क्यांवर येतो. १० टक्के आणि ९० टक्के चार्जवर सेलनिहाय दाबाचा अहवाल, बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी आणि नोंदलेले एरर कोड लेखी द्यावेत." सॉफ्टवेअर अपडेट करतो म्हणाले तर करू द्या, पण आधीची आणि नंतरची टक्केवारी दोन्ही लिहून घ्या. सॉफ्टवेअरनं खालची राखीव मर्यादा थोडी वर सरकवली की उडी दिसेनाशी होते, पण रेंज आणखी घटते. दुखणं बरं झालं की फक्त दिसेनासं झालं, हे तुमच्या स्वतःच्या मोजणीवरून कळेल.

अहवाल देत नाहीत म्हणाले तर तिथं वाद घालत बसू नका. बॅटरीच्या क्लेमचा निर्णय डीलर घेत नाही, कंपनीचा तांत्रिक विभाग घेतो. समोरचा सल्लागार बऱ्याचदा खरोखरच हतबल असतो. घरी या आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, डीलरला प्रत ठेवून. गाडीचा चासी नंबर, घेतल्याची तारीख, किलोमीटर, मोजणीचे आकडे, व्हिडिओ, जुनी सगळी जॉब कार्डं. शेवटी एकच मागणी: वॉरंटीखाली तपासणी करून पंधरा दिवसांत लेखी निष्कर्ष द्यावा. त्यांनी नकार दिला तरी तो लेखी नकार तुमच्यासाठी मोलाचा कागद आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि पुष्कळ प्रकरणं तिथंच सुटतात. नाही सुटली तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करायची मुभा दिली आहे. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तुम्हाला तिथं जावं लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच चालतात, आणि दहा ते वीस लाखांच्या मालाला तक्रारीची फी ४०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. मुदत दोन वर्षांची असते, तक्रारीचं कारण घडल्यापासून. तुमची उडी दिवाळीपासूनची आहे, त्यामुळे वेळ आहे, पण आणखी एक-दोन उन्हाळे वाट पाहू नका.

मिळेल काय, याबद्दलही आधीच कल्पना असू द्या. दोष मान्य झाला तरी सहसा पूर्ण नवी बॅटरी मिळत नाही. ज्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सेलच्या गठ्ठ्यात, अशक्त सेल आहे तेवढं बदलतात, किंवा दुरुस्त केलेली बॅटरी बसवतात. बदललेल्या भागाची वॉरंटीही बहुधा मूळ मुदतीपुरतीच, म्हणजे मार्च २०२९ पर्यंतच राहते. तुमच्यासाठी ते वाईट नाही. उडी गेली की ते हरवलेले बारा टक्के परत मिळतील, आणि बहुतेक सिल्लोडचा थांबाही टळेल. काम झाल्यावर पुन्हा तीच मोजणी करा आणि आकडा नोंदवून ठेवा.

आता तुमच्या मनाला लागलेला प्रश्न. तुम्ही बॅटरी खराब केली का? नाही. रात्री घरी स्लो चार्ज करणं ही गाडी वापरायची सर्वांत सौम्य रीत आहे. उष्णता बॅटरीला म्हातारी करते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापली तर ते जास्त वेगानं होतं, हे खरं आहे. पण नोकरीच्या ठिकाणी सावली नसणं हा तुमचा गुन्हा नाही, आणि खानदेशात गाडी विकणाऱ्या कंपनीला खानदेशाचा उन्हाळा ठाऊक असतो. पुढे एवढंच करा: चार्जिंगची वेळ अशी लावा की १०० टक्के पहाटे निघायच्या थोडं आधी व्हावेत, रात्री अकरालाच नकोत. रोजच्या ५५ किलोमीटरला १०० टक्क्यांची गरज नाही, ८० पुरतात. मात्र पुस्तिकेत आठवड्याला एकदा पूर्ण चार्ज करा असं असेल तर ते पाळा, लोह-फॉस्फेट बॅटरीला ते हवंच असतं. भुसावळला झाडाखाली जागा मिळाली तर उत्तम. मे महिन्यात लांबून तापून आलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावण्याऐवजी थोडी निवू द्या. आणि बाहेरच्या मेकॅनिककडून वायर कापून हॉर्न, लाइट, कॅमेरा असलं काही बसवलं असेल तर तपासणीआधी त्याची बिलं शोधून ठेवा, कारण क्लेम नाकारायला हेच कारण पहिल्यांदा पुढे येतं. सर्व्हिसिंग वेळेवर झाल्याच्या नोंदीही त्याच फायलीत ठेवा.

राहिला विकण्याचा विषय. ह्यांना सांगा, आत्ता नको. २० वरून ८ वर पडणारी बॅटरी घेऊन एक्स्चेंजला गेलात तर समोरचा माणूस पहिल्या चाचणीतच ते पाहील आणि बॅटरी मेली असं धरून किंमत लावेल. जो दोष कंपनीच्या खर्चानं निघू शकतो त्याचे पैसे तुम्ही का मोजायचे? आणि खरेदीदारापासून तो लपवून गाडी विकणं तुम्हाला मनातून पटणार नाही, हे तुमच्या पत्रावरून मला दिसतं. आधी दोष काढून घ्या, कंपनीचा लेखी अहवाल घ्या, मग विकायची तर विका. मार्च २०२९ पर्यंतची उरलेली वॉरंटी आणि कागदावरची टक्केवारी असलेली गाडी वेगळ्या भावानं जाते. त्याआधी पुस्तिकेत एक पाहून घ्या, वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे जाते का आणि त्यासाठी कंपनीला कळवावं लागतं का.

ह्यांचं लक्ष बहुधा नव्या गाड्यांच्या "लाइफटाइम" बॅटरी वॉरंटीकडे गेलं असेल. २०२४ पासून एमजी, महिंद्रा आणि मग टाटा यांनी काही मॉडेलना ती देऊ केली. चांगली गोष्ट आहे, पण तीही पहिल्या मालकापुरती असते, आणि टाटांच्या बाबतीत तिची मुदत नोंदणीपासून पंधरा वर्षं अशी ठरलेली आहे. तिथंही शोरूममध्ये विचारायचे प्रश्न हेच: किती टक्क्यांखाली, कोणी मोजलेले, आणि दुसऱ्या मालकाला काय?

मोजणीचे आकडे आणि पुस्तिकेतल्या बॅटरीच्या पानाचा फोटो मला पाठवा. कंपनीला द्यायच्या ईमेलचा मजकूर मी पाहून देईन.